मदत हवी आहे: पोटाचा सीटी स्कॅन झालेला असताना सीटी अँजिओग्राफी पुन्हा कशासाठी?

पारिजात: बहिणीच्या स्तनाची पुनर्रचना पोटावरील त्वचा आणि चरबी वापरून, म्हणजे डीआयईपी फ्लॅप पद्धतीने, करायचे ठरले आहे. त्याआधी पोटाची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, करून आणा, असे प्लास्टिक सर्जननी सांगितले आहे. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या आणि अवयव उजळवणारे औषध) देऊन पोटाचा सीटी नुकताच झालेला असताना तिने पुन्हा रेडिएशन का घ्यावे? परवा सकाळची वेळ मिळाली आहे, म्हणून कृपया लवकर उत्तर द्यावे.

रेघोटी: आधीचा स्कॅन कशासाठी केला होता, त्यातले काप (चित्रांचे थर) किती मिलिमीटरचे आहेत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) किती आहे आणि पोटावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे कळल्याशिवाय काही सांगणे कठीण आहे.

झुळूक: माझ्या वेळी अँजिओग्राफी झालीच नव्हती. सर्जननी पेनासारखे डॉप्लर पोटावर टेकवले आणि जिथे रक्तप्रवाहाचा सूं-सूं आवाज आला तिथे मार्करने फुल्या मारल्या. माझी शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्यामुळे मी तरी डॉप्लरच सुचवेन.

रेघोटी: झुळूकताई, त्या आवाजावरून जागा कळते, पण रक्तवाहिनी किती जाड आहे आणि स्नायूतून कोणत्या वाटेने वर येते ते कळत नाही. कधीकधी तर खालच्या मुख्य धमनीचाच आवाज ऐकू येतो. कलर डॉप्लर सोनोग्राफीत जाडी आणि प्रवाह दिसतो, मात्र त्याला वेळ आणि सराव असलेला हात लागतो.

सावली: इम्प्लांट बसवले तर यातले काहीच करावे लागणार नाही. त्याचा विचार केला आहे का?

पारिजात: तो विचार आमचा पूर्ण झाला आहे, कृपया मूळ प्रश्नावर बोलावे. स्कॅन कॅन्सर पसरला आहे का हे पाहण्यासाठी होता आणि अहवालात 5 मिमी काप लिहिले आहेत. क्रिएटिनिन नॉर्मल आहे. सिझेरियनचा आडवा व्रण आहे, पण तो जुना असल्यामुळे लिहिला नव्हता.

रेघोटी: तोच तर महत्त्वाचा आहे! आडव्या छेदात त्वचेजवळच्या शिरा बऱ्याचदा कापल्या जातात. स्नायूमागची खोल धमनी बहुधा शाबूत राहते, तरी सर्जनना हे आधीच कळलेले बरे. आता मूळ प्रश्न. कॅन्सरसाठीचा स्कॅन सहसा यकृत आणि शिरा उजळतात त्या क्षणी घेतात, तर अँजिओग्राफी धमन्या उजळतात त्या क्षणी आणि साधारण 1 मिमी कापांत. स्नायू भेदून वर येणाऱ्या धमनीच्या ज्या फांद्यांवर फ्लॅप (पोटावरून घेतलेला त्वचा-चरबीचा भाग) जगतो, त्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या असतात, त्यामुळे 5 मिमीच्या कापांत त्या सहज हरवतात. त्या मिळाल्या की बेंबीपासून किती सेंटिमीटरवर आहेत ते मोजून नकाशा करतात, आणि शस्त्रक्रियेत शोधाशोधीचा वेळ वाचतो.

ओंजळ: एवढे ठामपणे सांगू नये. पातळ कापांचा डेटा साठवलेला असेल, तर जुन्या स्कॅनमध्येही या फांद्या कधीकधी दिसतात. उद्याच त्या केंद्रात विचारा, आणि असल्यास तो पुरेसा आहे का हे सर्जननाच ठरवू द्या. रेडिएशन नकोच असेल तर एमआर (एमआरआयने केलेल्या) अँजिओग्राफीबद्दलही विचारता येईल, फक्त तिला जास्त वेळ लागतो.

पारिजात: केंद्रात विचारले. पातळ कापांचा डेटा त्यांच्याकडे उरलेला नाही. सर्जनशी बोलून परवाची तपासणी कायम केली आहे. सिझेरियनचे त्यांनी लगेच कागदावर टिपून घेतले.