जव्हार-मोखाड्यात शिकवायला कधी जावे?
दिवाळीनंतर मुंबईहून महिनाभर जव्हार-मोखाड्याच्या (पालघर जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांच्या) पाड्यांवर जाऊन मुलांना शिकवावे, अशी एक सूचना आहे; ती स्तुत्य असली तरी तिचा काळ मला अडचणीचा वाटतो. कारण भातकापणी आटोपली की तेथील अनेक कातकरी व वारली कुटुंबे मुलांसह वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि वर्ग ओस पडू लागतात. त्यापेक्षा, चिखल तुडवावा लागला तरी, पावसाळ्यात जावे. तेव्हा मुले गुरांमागे गेली, तर वर्गही तिकडे नेता येतो: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. शिवाय लहान मुलांच्या घरी वारली किंवा कोकणा बोलली जात असल्याने पाड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या ताईला सोबत घेऊनच वर्ग चालवावा. इंग्रजीची घाई (मुंबईकरांना ती फार असते) नंतर करता येईल.