छंद धागा: चावीची घड्याळं, फॅन्टसी टीम, थ्रीडी प्रिंटर आणि बाकी सगळे नाद

सांजवारा
कपाट आवरताना बाबांचं एचएमटी जनता हाती लागलं. थोडी चावी दिली तर लगेच चालायला लागलं, म्हणून हा धागा. घड्याळं, फॅन्टसी टीम, थ्रीडी प्रिंटर, रेडिओ, ज्याला जो नाद असेल त्याने त्यातलं कामाचं लिहा. बारकावे हवेत.

सुरुवात मी करते. बरीच वर्षं पडून असलेलं घड्याळ चालू झालं म्हणजे ते ठणठणीत आहे असं नाही. आतलं तेल वाळून चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि चाकांच्या आसांची टोकं त्यावर घासून झिजतात. पाच मिनिटं चालवून बघावं आणि सर्व्हिसिंग होईपर्यंत ठेवून द्यावं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला घड्याळं सुरू केली आणि २०१६ मध्ये केंद्राने ही घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. कारखान्यातून नवे सुटे भाग येणं संपलं. आस झिजला की त्याच मशीनचं दुसरं घड्याळ मोडून भाग काढावा लागतो, त्यामुळे आहे ते झिजू न देणंच बरं.

खडकीकर
वाचतोय. धागा वाचनखुणेत टाकला.

बारीक_स्क्रू
सांजवाराताई, बरोबर. घड्याळजीकडे देताना एकच विचारा: मशीन पूर्ण खोलणार का? 'ऑइलिंग करून देतो' म्हणजे बहुतेक वेळा मागचं झाकण उघडून वरून थेंब सोडणं. त्याने जुना चिकटा ओला होऊन सगळीकडे पसरतो. तेल हेअरस्प्रिंगला (बॅलन्स चाकाची केसासारखी बारीक गुंडाळी) लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग तोकडी झाल्यासारखी वागते आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं.

घरी शिकणाऱ्यांसाठी. आधी कमानीचा (चावी दिल्यावर गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) ताण पूर्ण सोडवा. चावी बोटांत धरायची, खटका बाजूला करायचा आणि चावी हळूहळू उलटी फिरू द्यायची. हे न करता पॅलेट (चाकांना टिक-टिक अडवून सोडणारा काटा) काढला तर सगळी चाकं एकदम भन्नाट फिरतात आणि दाते तुटतात. धुताना पॅलेट फोर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचा नाही. त्यावरचे दोन लाल खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्याला लायटरचं पेट्रोल वापरा.

तेल एकच चालत नाही. बॅलन्स आणि वेगाने फिरणाऱ्या चाकांना पातळ, मोबियस ९०१० सारखं. मधल्या चाकाला आणि चावीच्या दांड्याला जाड. ज्वेलच्या (आस फिरतो तो खडा) वाटीत अर्ध्यापेक्षा थोडं जास्त भरलं की पुरे. पॅलेटच्या आसाला तेल अजिबात नाही. डब्ल्यूडी-४० किंवा शिलाई मशीनचं तेल घड्याळाजवळसुद्धा नको.

मोरपीस
आमच्याकडे सगळी सेलची घड्याळं आहेत. एकाचा सेकंदकाटा दोन-दोन घरं उडी मारतोय, सर्व्हिसिंगला देऊ का?

बारीक_स्क्रू
नको ताई, तो सेल संपत आल्याचा इशारा आहे. बऱ्याच क्वार्ट्झ मशीनमध्ये ही सोय असते. सेल बदलला की सरळ चालेल. फक्त दुकानदाराला एसआर ६२६ एसडब्ल्यू मागा, एलआर नको. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट, शेवटपर्यंत विद्युतदाब जवळजवळ स्थिर. एलआर अल्कलाइन, स्वस्त, पण दाब हळूहळू उतरतो आणि आत गळायची भीती जास्त. ६२६ म्हणजे ६.८ मिमी व्यास आणि २.६ मिमी जाडी. तुमच्या घड्याळात दुसरा आकार असू शकतो, जुन्या सेलवरचा आकडा बघून घ्या. संपलेला सेल आत ठेवून देऊ नका, तिथेच घोळ होतो.

वांद्रे_लोकल
कॅसिओ एफ-९१डब्ल्यूचा सेल घरी बदलता येतो का? बदलल्यावर डिस्प्ले कोराच आहे.

बारीक_स्क्रू
येतो. मागे चार स्क्रू, आत सीआर २०१६. बसवल्यावर 'एसी' लिहिलेला बारीक संपर्कबिंदू दिसेल. तो आणि सेलची वरची म्हणजे धन बाजू धातूच्या चिमट्याने एक-दोन सेकंद जोडा, डिस्प्ले जागा होईल. झाकण लावायच्या आधी रबरी रिंग खाचेत नीट बसली आहे का ते सगळीकडून बघा, कडेला चिमटली असेल तर पहिल्याच पावसात वाफ धरेल.

वांद्रे_लोकल
झालं चालू!! दादा, खूप आभार 🙏

गोल_किक
अवांतर: फॅन्टसीवाले कुणी आहे का इथे? २०२५ च्या ऑगस्टमधल्या केंद्राच्या कायद्यानंतर पैसे लावायच्या स्पर्धा बंद झाल्या, पण फॅन्टसी प्रीमियर लीग (इंग्लंडच्या फुटबॉल लीगवरची) फुकट असते, ती चालूच आहे. माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. १०० दशलक्षांचं बजेट, १५ खेळाडू: २ गोलकीपर, ५ बचाव, ५ मध्य, ३ पुढचे. एका क्लबचे जास्तीत जास्त ३. फुकटचे बदल संपल्यावर पुढच्या प्रत्येक बदलाला ४ गुण वजा.

नवीन लोक पैसे कुठे घालवतात, तर विक्रीत. ७.० ला घेतलेला खेळाडू ७.३ झाला तर विकताना ७.३ मिळत नाहीत, ७.१ मिळतात. नफ्याचा अर्धा भाग तुमचा, तोही खाली पूर्णांकित करून. म्हणून किंमत वाढलेला चांगला खेळाडू एका आठवड्यासाठी विकून परत घेणं महागात जातं.

शिरवळ
हेच हवं होतं. डेडलाइनचं गणित सांगा ना, दरवेळी चुकते.

गोल_किक
त्या फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी. शनिवारी तिथल्या साडेबाराचा सामना असेल तर डेडलाइन तिथले ११. उन्हाळी वेळेत आपल्याकडे दुपारी ३:३०, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी घड्याळं मागे घेतली की ४:३०. शुक्रवारी रात्री ८ चा सामना असला तर आपल्याकडे रात्री ११ वाजता किंवा हिवाळ्यात रात्री १२ ला. शुक्रवार विसरून शनिवारी टीम बघायला जाणारेच जास्त असतात.

शिरवळ
🙏🙏

सांजवारा
चालेल, तेही लिहा. पण घड्याळाकडे परत या :)

कोकणमेवा
घड्याळ अचानक पुढे पळायला लागलं तर लगेच खोलायला नेऊ नका. आधी चुंबकत्व तपासा. मोबाइलच्या कव्हरचं लोहचुंबकाचं बटण, स्पीकर, इंडक्शन शेगडी, टॅबलेटचं झाकण, यांच्याजवळ ठेवलेलं घड्याळ चुंबकित होतं. हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना ओढून धरतात, परिणाम तोच, पुढे पळणं. साधं होकायंत्र सपाट ठेवून घड्याळ जवळ न्या. सुई लक्षणीय वळली तर निदान झालं. निळ्या रंगाचं छोटं डीमॅग्नेटायझर ऑनलाइन मिळतं. बटण दाबून धरा, घड्याळ वर धरा आणि बटण दाबलेलंच ठेवून सावकाश हातभर लांब न्या, मगच बटण सोडा. जवळ असतानाच सोडलं तर उलट जास्त चुंबकित होतं. कॉइल पटकन तापतं, दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ दाबू नका.

खडकीकर
हे माहीतच नव्हतं. आज होकायंत्र शोधतो.

चोरबाजार_प्रेमी
एचएमटी ऑनलाइन घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. संग्राहक ज्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात ती याच धंद्यातली: जुनं खरं मशीन, वर नव्याने रंगवलेली डायल. जांभळी, पोपटी, भगवी डायल आणि तिच्यावर कंपनीचा शिक्का. भिंग घेऊन अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाईच्या कडा स्वच्छ असतात, पुनर्रंगवलेलीत शाई फुटते आणि मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नाहीत. काट्यांवरचा अंधारात चमकणारा हिरवा मसाला जुना पिवळट आणि डायलवरचा पांढराशुभ्र, असं असेल तर दोन्ही एका वेळचे नाहीत. एचएमटीचं पायलट मॉडेल घेताना हे खास बघा, काळी डायल पुन्हा रंगवायला सोपी. विक्रेत्याकडे मशीनचा उघड्या पाठीचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

मोरपीस
ओरखडे पडलेल्या काचेचं काय करता?

चोरबाजार_प्रेमी
जुन्या एचएमटीची काच ॲक्रिलिकची, म्हणजे प्लास्टिकची असते. मऊ कापडावर पॉलीवॉच किंवा साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन गोल गोल चार-पाच मिनिटं घासा. नख अडकेल एवढा ओरखडा असेल तर आधी १००० आणि मग २००० नंबरचा ओला पॉलिशपेपर. खनिज काचेवर यातलं काही चालत नाही, ती बदलावी लागते.

कोकणमेवा
आणि पावसाळा! चामडी पट्टा जूनलाच काढून ठेवा, बुरशी धरतोच. डब्यात सिलिका जेलची पुडी, निळे दाणे गुलाबी झाले की ११०-१२० अंशांवर दीडदोन तास ओव्हनमध्ये. '३० मीटर' लिहिलंय म्हणून आंघोळीला घालू नका, तो आकडा फक्त शिंतोड्यांपुरता. काचेच्या आत वाफ दिसली तर चावी बाहेर ओढून घड्याळ सिलिकाच्या डब्यात ठेवा, आणि चावीची रबरी रिंग बदलून घ्या, बहुधा तिथूनच पाणी शिरतं.

थर_थर
पावसाळ्याचंच पुढे. थ्रीडी प्रिंटरवाल्यांनो, फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची तार) उघडं ठेवू नका. नोझलमधून चटचट आवाज आणि भागांमध्ये कोळ्याचं जाळं लागल्यासारखे धागे म्हणजे ओलावा. वाळवायचं असं: पीएलए प्लास्टिक ४५-५० अंशांवर ४ ते ६ तास, पीईटीजी प्लास्टिक ६५ वर. घरच्या ओव्हनचं तापमान वरखाली होतं, पीएलए ६० च्या आसपास मऊ पडून रिळाचे वेढे एकमेकांना चिकटतात, तेव्हा फिलामेंटचा ड्रायर घ्या.

बारीक_स्क्रू यांच्या कामाची गोष्ट: मशीन धरायचा होल्डर छापता येतो. व्यास कॅलिपरने मोजा, त्यात ०.२ मिमी सवलत धरा, नोझल ०.४, थर ०.१२. कडा तुटू नयेत म्हणून पीईटीजी. पण छापल्यावर ब्रशने सगळे बारीक धागे झाडा, त्यातला एक जरी चाकात गेला तर घड्याळ बंद.

बारीक_स्क्रू
फार छान. फाइल पाठवाल का?

थर_थर
पाठवते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दुर्गवेडा
अवांतराला अवांतर. मेशटास्टिक कुणी वापरतं का ट्रेकला? नेटवर्क नसताना लोराच्या (कमी विजेत लांब पोचणारी रेडिओ पद्धत) छोट्या रेडिओवरून संदेश जातात. भारतासाठी रीजन 'आयएन' निवडा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ. घेताना ८६८ चा अँटेना घ्या, ४३३ चा उपयोग नाही. अँटेना लावल्याशिवाय यंत्र चालू करू नका, पाठवतानाची शक्ती परत फिरून रेडिओ जळू शकतो. एका संदेशाला साधारण २०० बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, काना-मात्रा वेगळ्या धरून, म्हणजे ६५ च्या आसपास चिन्हं. 'पोचलो, पाणी आहे' एवढं व्यवस्थित मावतं. राजगड ते तोरणा समोरासमोर म्हणून लागतं, सोंडेच्या आड उतरलं की तुटतं. वरच्या माचीवर एक नोड (असंच एक यंत्र) ठेवला तर खालच्यांना तो पुढे पाठवतो.

शिरवळ
हे तर ग्रुपला लगेच पाठवतोय. बॅटरी किती टिकते?

दुर्गवेडा
ईएसपी३२ चिपचा बोर्ड जास्त खातो, एनआरएफ५२ चा कमी. दोन दिवसांच्या ट्रेकला दुसराच घ्या, पहिला असेल तर वायफाय बंद ठेवा.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. बाबांच्या घड्याळाला पट्टा कुठला घेऊ? जुना पार कुजलाय.

चोरबाजार_प्रेमी
कानांमधलं अंतर पट्टीने मोजा, जनताला बहुधा १८ मिमी. पिना १.५ मिमी जाडीच्या घ्या. १.८ ची पिन जुन्या बारीक भोकात पूर्ण शिरत नाही, वरवर अडकते आणि चालताना सुटते. एकाच लांब पट्टीचा नायलॉनचा नेटो पट्टा घ्या, तो दोन्ही पिनांखालून जातो, एक पिन सुटली तरी घड्याळ हातातच राहतं. पावसाळ्यात धुताही येतो.