पोएमनंतरची जळजळ म्हणजे फसवणूक नव्हे

दर्यापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘अकॅलेशियासाठी पोएम केलं, घास उतरला पण छातीत आग लागली. फसवलं, कोणी करू नका.’ वाचून राहवलं नाही. अकॅलेशिया म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप नीट उघडत नाही, घास अडकतो. माझ्या आईला घोटभर पाणीही छातीत अडकायचं, रात्री नाकातोंडातून उलटून यायचं. वजन ३८ किलोवर आलं. गाव म्हणे, टेन्शन घेते. पोएममध्ये तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे आवळलेले स्नायू कापतात. झडप सैल झाली की घास खाली जातो आणि त्याच वाटेनं आम्ल वर येतं. ‘करू नका’ वाचून एखादी बाई उपाशी मरेल!

वणीची सून: मग ते आधी सांगायचं ना, दादा! सही घेताना आम्हाला कोणी बोललं नाही. हेलर ऑपरेशनात पोटाला छोटी भोकं पाडून तेच स्नायू कापतात आणि आम्ल अडवायला बहुधा जठराचा भाग वरून शिवतात, पोएममध्ये ती आड नसते. २०१९ च्या युरोपातल्या अभ्यासात तीन महिन्यांनी पोएमवाल्या ५७ टक्के लोकांची अन्ननलिका सुजलेली होती, हेलरवाल्या २० टक्के.

दर्यापूरकर: दोन वर्षांनी ४४ आणि २९, तेही लिहा. गिळणं दोन्हीकडे सारखंच सुधारलं.

चिखलदऱ्याचा: ठेचा सोडा ना बाप्पा पहिले. तिखट खायचं अन् डॉक्टरले बोलायचं.

वणीची सून: आठ महिने माझा नवरा फिकं वरण-भात खातो आहे! ठेच्यानं झडप कापली का? दुसऱ्याच्या ताटात डोकावू नका.

चिखलदऱ्याचा: रागावता काहून? माह्या भावाले तिखट सोडल्यावर बरं वाटलं, म्हणून सांगतलं.

दर्यापूरकर: तिखटानं जळजळ वाढत असेल तर सोडावं. पण झडप सैल आहे ती आहेच.

मूर्तिजापूरचा काका: ठेच्याचं राहू द्या. मले पोएमनंतर जळजळ नव्हतीच, म्हणून आम्ल कमी कराची गोळी सोडली. कापूस वेचणीच्या दिवसात मजुरी बुडवून नागपूरले कोन जाते? वर्षानं स्कोपी केली तं अन्ननलिकेत जखमा. जळजळ नसली तरी तपासा लागते, हे मले कोनी नीट समजावलं नाही.

वणीची सून: काका, तेच म्हणते आहे मी! बाकी, गोळी आम्ही चहासोबत देत होतो. उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची असते, हे आज मेडिकलवाल्यानं सांगितलं. ती चूक आमची. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटाही लावल्या. पण सहीच्या वेळी सांगायलाच हवं होतं, यावरून मी हटणार नाही.

दर्यापूरकर: मान्य. आईच्या वेळी आम्हाला सांगितलं होतं, म्हणून मी धरून चाललो की सगळ्यांना सांगतात.