मदत हवी आहे: गाडीच्या मागं जोडायचा कॅम्पिंग ट्रेलर कुठला घ्यावा? (कोल्हापूर)

पेठेतला_भटक्या: मंडळी जरा लवकर सांगा, रविवारी टोकन द्यायचंय. दोन ट्रेलर बघून ठेवलेत, एक सहाशे किलोचा, आत नुसता बेड आणि मागचं झाकण उचललं की ओटा, दुसरा अकराशेचा, त्यात संडास-बाथरूम, एसी सगळं हाय. बायको म्हणते मोठाच घ्या, मलाबी तोच आवडलाय. शनिवार-रविवार दाजीपूर, आंबोली नाहीतर गगनबावडा उतरून तारकर्ली, मे महिन्यात आठ-दहा दिवस लांब. कुठला घेऊ? हॉटेलात राहा म्हणून सांगू नका.

घाटवेडा: गाडी कुठली? माणसं किती? त्याशिवाय काय सांगणार भावा.

मालवणी_जिभेचा: हॉटेल नको तर होमस्टे बघा की. ताजा बांगडा, सोलकढी, ट्रेलरात कोण करून घालणाराय?

पेठेतला_भटक्या: होमस्टे विचारलाय का मी? गाडी बोलेरो. चौघं, आई आली तर पाच.

घाटवेडा: ७५ हॉर्सपॉवर, त्यात पाच माणसं आणि मागं अकराशे किलो. येताना गगनबावड्याचा करूळ घाट चढताना पहिल्या गिअरात रडत येशील. कंपनीनं किती ओढायला सांगितलंय ते पुस्तकात बघ आधी. आणि अकराशे रिकामा का भरलेला? शंभर लिटर पाणी भरलं की शंभर किलो तिथंच वाढलं, सिलेंडर, गाद्या, आईंची परात वेगळीच.

बोलेरो_एके_बोलेरो: उगं नावं ठेवू नका. आमच्या बोलेरोनं चिखलातनं भरलेला टेम्पो काढलाय.

घाटवेडा: दहा फूट ओढणं वेगळं आणि घाट उतरणं वेगळं. उताराला थांबवणार कोण, तू?

उद्यमनगरवाला: ओव्हररन ब्रेक आहेत का विचारा. तुम्ही ब्रेक दाबला की ट्रेलर पुढं रेटतो, त्या रेट्यानंच त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. दुसरं, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकवर यायला पाहिजे. आम्ही एकाला करून दिलेला, पाण्याची टाकी त्यानं हट्टानं पार मागं बसवून घेतली. रिकामा होता तवर झकास, टाकी भरून हायवेला लागला आणि ऐंशीच्या स्पीडला ट्रेलर शेपटीगत हलायला लागला. नशीब त्यानं जोरात ब्रेक मारला नाही, नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडला. दुसऱ्या दिवशी टाकी अ‍ॅक्सलवर घेतली.

सोलर_दादा: एसीवर भुलू नका. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची साधी बॅटरी म्हंजे १,८०० वॉट-तास, त्यातली निम्मीच वापरायची. एक टनाचा एसी तासाभरात गार, तुम्ही गरम.

गडहिंग्लजकर: आंबोलीला निघालात तर आजऱ्यातनं घनसाळ तांदूळ आणा की पाच किलो. पैसे लगेच पाठवतो.

उद्यमनगरवाला: ट्रेलरला आरटीओचा वेगळा नंबर लागतो, विकणाऱ्याकडं कागद आहेत का बघा. आणि घरी लावणार कुठं?

पेठेतला_भटक्या: बोळात. बोलेरो लागते की रोज.

उद्यमनगरवाला: मोठा साडेसहा-सात फूट रुंद असणार. टेप घेऊन मोजा आधी.

पेठेतला_भटक्या: बोळ मोजला. सात फूट दोन इंच, पण तोंडालाच चुलत्यांची म्हैस असते. चुलते म्हणतात ट्रेलर घे नाहीतर विमान घे, म्हैस हलणार नाही. बारक्या ट्रेलरचा ओटा पावसात कसा वापरतात, ताडपत्री पुरते का?