आत काहीही, दारात मात्र सी भाषा
नवी कॅमेरा लायब्ररी, म्हणजे ॲपला कॅमेऱ्याशी बोलू देणारा तयार कोड, सरळ रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतच लिहा, असं काही जण सुचवतात. रस्ट मेमरीत चुकीच्या जागी वाचू-लिहू देत नाही, हा सुरक्षिततेचा मुद्दा पटतो. बफर (आलेला डेटा ठेवायची मेमरीतली जागा) किती लांब हे कॅमेराच सांगणार, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारे आपण! पण लायब्ररी वापरणार कोण, हे आधी ठरवा ना.

डिजिटल कॅमेऱ्यांसाठीची जुनी लायब्ररी लिबजीफोटो२ सीमध्ये आहे, म्हणून तर ती पायथनमधूनही वापरता येते आणि वेबअसेम्ब्लीत (ब्राउझरला चालवता येणाऱ्या कोडमध्ये) बदलून ब्राउझरमध्येही. तिच्यातला प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे ठरावीक कॅमेऱ्यांशी बोलणारा भाग, ही प्रोग्रॅम चालू असताना लोड होणारी वेगळी फाइल. ठरलेल्या फंक्शन पॉइंटरांचा (कुठल्या कामाचं फंक्शन कुठे आहे, त्या पत्त्यांचा) तक्ता भरला, की नवा कॅमेरा जोडला. जुनाट वाटेल, पण चालतं.

लिबकॅमेरा या दुसऱ्या कॅमेरा लायब्ररीने २०१८ मध्ये सी प्लस प्लस ही भाषा धरली. क्लासची रचना सुबक आहे, फक्त एबीआय (कंपाइल झालेलं ॲप आणि लायब्ररी यांच्यातली जोडणी) स्थिर नाही. आवृत्ती बदलली की ॲप पुन्हा कंपाइल करत बसा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरची पायथन लायब्ररी पिकॅमेरा२ सुद्धा लिबकॅमेराशी पायथन बाइंडिंगमधूनच (दोन भाषांना जोडणाऱ्या कोडमधूनच) बोलते.

तेव्हा आत रस्ट खुशाल घ्या, बाहेरचा एपीआय (इतर प्रोग्रॅम ज्यातून लायब्ररी वापरतात तो भाग) सीचा ठेवा. वेगावरून मात्र भांडू नका, यूएसबीवरून फोटो उतरायला लागणारा वेळ भाषा बदलून फारसा कमी होत नाही.