सर्किट बोर्डांवरील घटक रोबोटने सुटे करून पुन्हा वापरता येतील का?

सुटाभाग

नमस्कार. यंत्रनियंत्रणाची जुनी उपकरणे बदलल्यामुळे आमच्याकडे एकाच बनावटीचे सुमारे ४०० सर्किट बोर्ड शिल्लक आहेत. ते भंगारात दिले तर त्यांचा चुरा होऊन तांबे आणि थोडे सोने परत मिळेल. पण प्रत्येक बोर्डावर एक एफपीजीए (आतली जोडणी वापरणाऱ्याला हवी तशी ठरवता येणारी चिप), दोन मेमरी चिप आणि पाच-सहा व्होल्टेज रेग्युलेटर अजून चालू स्थितीत असताना त्यांचा केवळ धातू करून टाकणे मनाला पटत नाही. शिवाय त्या एफपीजीएचे उत्पादन आता बंद झाले आहे आणि आमच्या उरलेल्या उपकरणांच्या दुरुस्तीला तोच लागतो.

माझ्याकडे सहा अक्षांचा एक छोटा रोबोटिक हात, कॅमेरा आणि हॉट एअर स्टेशन (गरम हवेने सोल्डर वितळवणारे उपकरण) आहे. घटक बसवणारी पिक अँड प्लेस यंत्रे ताशी हजारो घटक बसवतात, मग तीच क्रिया उलट दिशेने करणे इतके अवघड का मानले जाते? कॅमेऱ्याने घटक ओळखायचा, सोल्डर वितळवायचे आणि व्हॅक्यूम नोझलने घटक उचलायचा, एवढेच चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यात काय राहून जाते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डाखवाला

आपल्या चित्रातली पहिली अडचण अशी की पिक अँड प्लेस यंत्र डाख देतच नाही. ते घटक फक्त सोल्डर पेस्टवर ठेवते आणि पुढे सगळे घटक एकदमच भट्टीतून जातात. घटक रिळावर ठरलेल्या दिशेने येतात, त्यांच्या जागा आराखड्याच्या फाइलमधून मिळतात आणि बोर्ड नवा व सपाट असतो. घटक काढताना मात्र वितळवणे आणि उचलणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी, एकाच जागी साधावी लागतात, आणि तीही धूळ बसलेल्या, किंचित वाकलेल्या, कदाचित मध्येच कोणीतरी दुरुस्त केलेल्या बोर्डावर.

तापमानाबद्दल आधी खात्री करून घ्यावी. शिसे-कथिलाचे ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळते, तर कथील, चांदी व तांबे यांचे शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ ते २२० अंशांना. बोर्डावरील सालावरून मात्र निष्कर्ष काढू नये. युरोपात शिसेबंदी १ जुलै २००६ पासून लागू झाली, तरी औद्योगिक देखरेख व नियंत्रण उपकरणांना ती २२ जुलै २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे आपल्यासारख्या बोर्डांवर दोन्हींपैकी काहीही असू शकते.

माझी स्वतःची चूक सांगतो. आमच्या पहिल्या मांडणीत ठरावीक सेकंदांनंतर नोझल वर जात असे. एका बोर्डात एका कोपऱ्याखाली तांब्याचा मोठा थर होता, तो उष्णता शोषत राहिला, तिथले सोल्डर घट्टच राहिले आणि उचलताना चिपच्या तळाचे पॅड (सोल्डर धरणारे धातूचे ठिपके) उखडले. त्यानंतर आम्ही वेळेऐवजी बल मोजू लागलो: नोझलने अगदी हलका ताण धरून ठेवायचा, घटक आपोआप मोकळा होईल तेव्हाच वर यायचे, आणि ठरलेल्या मर्यादेत तो मोकळा झाला नाही तर ओढायचे नाही, सोडून द्यायचे.

आपल्या बाजूने एक मोठी सवलतही आहे, जी दुरुस्ती करणाऱ्याला कधीच मिळत नाही. आपल्याला बोर्ड वाचवायचा नाही. त्यामुळे चिपभोवती काही मिलिमीटर जागा सोडून बोर्डाचा तेवढाच तुकडा कटरने कापून घेता येतो. मग तापवायचे वस्तुमान कमी होते आणि खालून सावकाश, समान उष्णता देता येते. कापताना बोर्ड मात्र वाकू देऊ नये, नाहीतर बीजीएच्या, म्हणजे तळाशी पायांऐवजी सोल्डरचे गोळे असलेल्या चिपच्या, गोळ्यांवर आणि त्यांच्या पॅडवर ताण येतो. चिपखाली इपॉक्सीचे अंडरफिल (चिप बोर्डाला घट्ट चिकटवणारा थर) भरले आहे का, हेही आधीच पाहावे. ते असेल तर हा सगळा बेत जवळजवळ मोडीतच निघतो.

मोजपट्टी

वरील मुद्दे योग्य आहेत, पण उष्णतेचा हिशेब चिपच्या बाजूनेही मांडायला हवा. जे-एसटीडी-०२० या मानकानुसार घटकांची ओलावा-संवेदनशीलता ठरवताना त्यांना तीन रीफ्लो (सोल्डर वितळेल इतके तापवण्याच्या फेऱ्या) देऊन तपासले जाते. आता मोजून पाहा: बोर्डाच्या दोन्ही बाजूंना घटक असतील तर बनवतानाच दोन रीफ्लो झाले, काढताना तिसरा. बीजीएला नवे गोळे लावायचे म्हणजे रीबॉलिंगचा चौथा आणि नव्या बोर्डावर बसवताना पाचवा. तीनच्या पुढे चिप लगेच मरते असे नाही, पण त्यापुढे ती तपासलेल्या मर्यादेबाहेर असते. पायांच्या चिपला रीबॉलिंग लागत नसल्याने तिची एक फेरी वाचते.

ओलावा हा यातला छुपा शत्रू आहे. अनेक वर्षे हवेत राहिलेल्या प्लास्टिक पॅकेजमध्ये पाणी मुरलेले असते. एकाएकी २०० अंशांच्या वर नेल्यास त्याची वाफ होऊन पॅकेज आतून थरांमध्ये सुटते किंवा मक्याच्या लाहीसारखे फुटते. यावर उपाय म्हणजे काढण्यापूर्वी भाजून घेणे. १२५ अंशांवर पॅकेजच्या जाडीप्रमाणे काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागतो. पण बोर्डावरील इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बहुधा ८५ किंवा १०५ अंशांचे असतात, म्हणून ते आधीच पक्कडीने कापून टाकावेत. जुने झालेले ते कपॅसिटर पुन्हा वापरण्याच्या लायकीचे नसतातच.

उष्णता देण्याच्या पद्धतींत मी व्हेपर फेजला पसंती देईन. ठरावीक तापमानाला, उदाहरणार्थ २३० अंशांना, उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेत बोर्ड त्या तापमानाच्या वर जाऊच शकत नाही. हॉट एअरमध्ये नोझल थोडे सरकले तरी तापमानात फरक पडतो.

कोरडाहिशेब

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्केच नोंद होईल अशा रीतीने गोळा होऊन पुनर्चक्रित झाला. एवढा माल असूनही घटक काढून पुन्हा वापरणारी रोबोट-केंद्रे जागोजागी का दिसत नाहीत, हा प्रश्न विचारायला हवा. ॲपलचा डेझी हा रोबोट ताशी २०० पर्यंत आयफोन सुटे करतो, पण त्याला मॉडेल ठाऊक असतात आणि मिळालेले भाग मुख्यतः धातू परत मिळवण्याकडे जातात. युरोपीय संघाच्या निधीतून २०१५ ते २०१९ दरम्यान चाललेल्या एडीआयआर प्रकल्पातही लेझरने सोल्डर वितळवून बोर्डावरील घटक काढले गेले, मात्र तेही टँटलमसारखा धातू मिळवण्यासाठी. काढणे जमते, काढलेल्या चिपवर भरवसा ठेवणे जमत नाही. जुन्या चिपवरील अक्षरे घासून नवी छापण्याचा धंदा जुना आहे, त्यामुळे मूळ ठाऊक नसलेला घटक जबाबदार खरेदीदार घेत नाही.

आपल्याकडे मात्र नेमके तेच आहे जे भंगारवाल्याकडे नसते: ४०० एकसारखे बोर्ड आणि त्यांचा पूर्ण इतिहास. म्हणून चिप विकण्याचा विचार सोडून स्वतःच्या दुरुस्तीसाठीच साठा करावा. सर्वांत स्वस्त चाचणीही आपल्याच हातात आहे, ती म्हणजे काढण्यापूर्वी बोर्डाला वीज देऊन पाहणे. जेटॅग, म्हणजे आयईईई ११४९.१ मानकाची बाउंडरी स्कॅन, असेल तर जागेवरच एफपीजीएची ओळख आणि जोडण्या तपासता येतात. एफपीजीए एसरॅम प्रकारचा (वीज गेली की आतली रचना विसरणारा) असेल तर त्याची रचना बाहेरच्या मेमरीत असते, म्हणून तो नव्याने वापरायला मोकळा असतो. एकदाच जाळता येणाऱ्या फ्यूजमध्ये सुरक्षा किल्ली भरलेली असेल तर मात्र नाही. फ्लॅश मेमरीच्या लेखनफेऱ्या आधीच खर्च झालेल्या असतात आणि तिच्यात जुनी माहितीही असते, म्हणून ती पुसल्याशिवाय पुढे पाठवू नये.

रेग्युलेटर सोडून द्या. नवे सहज मिळतात, त्यांच्यासाठी भट्टी तापवणे परवडत नाही.

सुटाभाग

सर्वांचे आभार. काल १२ बोर्ड तपासले. सोल्डर शिसेयुक्त निघाले, अंडरफिल नाही, आणि १२ पैकी ११ एफपीजीए जेटॅगवर व्यवस्थित प्रतिसाद देतात. आता फक्त एफपीजीए काढायचा, असे ठरवले आहे. एकच शंका उरते: ४०० चिपसाठी रोबोटची खरोखर गरज आहे का?

डाखवाला

वेगासाठी नाही. एक कुशल कारागीर चांगल्या रीवर्क स्टेशनवर हे काम काही आठवड्यांत उरकेल. रोबोटचा उपयोग इतकाच की तीनशेव्या चिपलाही पहिलीइतकीच उष्णता मिळेल, आणि प्रत्येक चिपमागे तापमानाचा आलेख, उचलतानाचे बल आणि बोर्डाचा अनुक्रमांक आपोआप नोंदला जाईल. वरती मोजपट्टी यांनी सांगितलेला रीफ्लोचा हिशेब ठेवायचा तर ही नोंद हवीच. जेटॅगवर नापास झालेल्या बाराव्या बोर्डाची चिप प्रथम बळी द्यावी: तिच्या खाली आणि वर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) चिकटवून दोन्हींतला फरक पाहा, आणि तो कमी होईपर्यंत खालची उष्णता वाढवत राहा.