मिथायलेशनचं वय आणि सिस्प्लॅटिन
सिस्प्लॅटिन या कॅन्सरवरच्या केमोथेरपीच्या औषधानंतर रक्तातलं 'मिथायलेशनचं वय' (डीएनएवरच्या मिथाइल गटांच्या खुणांवरून काढलेला वयाचा अंदाज) वाढलं म्हणजे औषधानं जनुकं म्हातारी केली, असा दावा केला जातो. उडी जरा मोठी झाली. सिस्प्लॅटिन डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला चिकटतं. अ‍ॅझासिटिडिन या औषधासारखं, डीएनएवर मिथाइल गट बसवणारं एन्झाइम अडवणं हे काही त्याचं काम नाही. शिवाय दर 3 आठवड्यांनी चौरस मीटरमागे 100 मिग्रॅ आणि सोबत मानेवर रेडिएशन, यात लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची संख्या कोसळते, कित्येक महिने पूर्ण सावरत नाही, आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा वाटा वाढतो. या दोन पेशींची मिथायलेशनची ठेवण मुळातच वेगळी. म्हणजे एकाही पेशीत काही न बदलता आकडा हलू शकतो! उपचाराआधीचा नमुना नसेल आणि पेशींच्या प्रमाणाची दुरुस्ती केली नसेल, तर त्या रिपोर्टवरून औषधाला दोष देऊ नये.

तंबाखूचाही घोळ आहेच. धूम्रपानानं एएचआरआर जनुकावरचं मिथायलेशन घटतं, सोडल्यावर हळूहळू भरून येतं. उपचाराच्या काळात बिडी सुटली की हा बदल औषधाच्या खात्यावर जमा! तंबाखू फक्त चघळणाऱ्यांत मात्र या खुणेवर विसंबू नका, ती धुराची आहे.